सानपाड्यातल्या दाढांत घुसलेल्या जंतूस

स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स,

१९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्कनं तुला किडलेल्या दातातून बाहेर काढलं आणि तुझं नाव जगाला सांगितलं. शंभर वर्षं झाली, तरी तू मोकाट आहेस. सानपाड्यात तर तुझी चंगळच. शेजारी तुर्भ्याचा घाऊक बाजार, तिथं रात्रभर गाड्या रिकाम्या करणारी माणसं आणि त्यांना जागं ठेवणारा गोड चहा. एकदाच नाही, तासा-अर्ध्या तासानं एकेक कटिंग. साखर मिळाली की काही मिनिटांत तू आम्ल सोडतोस. सामू साडेपाचाच्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते सावरायला अर्धा-एक तास घेते, तोवर पुढचा चहा आलेला असतो. केवढा हा पराक्रम! पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाची दाढ पोखरायची, तीही त्याला पत्ता लागू न देता.

इनॅमलशी तुला झगडावं लागतं. खालच्या डेंटिनमध्ये मात्र वाट तयारच असते. नसेपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या, नसेजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५ हजारांच्या वर. त्यांची रुंदी बाहेरच्या बाजूला एक मायक्रॉनच्या आसपास, आत अडीचपर्यंत. तू अर्धा-पाऊण मायक्रॉनचा. आम्ल पुढे धाडून खनिज विरघळवायचं, उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटायचं आणि नळीतच वंश वाढवायचा, ही तुझी रीत. तुझा भाऊबंद गॉर्डोनी तर हिरड्यांतल्या जिंजिव्हॅलिसलाही सोबत घेऊन आत शिरतो. प्रयोगशाळेत पाहिलंय, जिंजिव्हॅलिस एकटा या नळ्यांत घुसू शकत नाही.

दात जिवंत असतो तोवर तो लढतो. नळ्यांतला द्रव बाहेरच्या दिशेनं रेटा देतो, आतल्या पेशी नवं डेंटिन रचून वाट बुजवतात. थंड पाण्यानं सणक जाते ती याच काळात. माणूस लवंग दाबून धरतो, मेडिकलमधून ठणक्याची गोळी आणतो. मग एक दिवस दुखणं थांबतं आणि तो सुटलो म्हणतो. मला सर्वांत जास्त राग येतो तो इथं. दुखायचं थांबलं, कारण नस मेली. आता नळ्यांतून रेटा नाही, रक्तातून येणारी कुमक नाही. तू आणि तुझ्यामागून येणारे जंतू मुळाच्या टोकापर्यंत जाता, हाडात पू करता. तोंड सुजवून तो माझ्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका." रूट कॅनल आणि कॅपचे पैसे त्याच्याकडे नसतात. दोन स्टेशनांवर नेरूळला डेंटल कॉलेज आहे, हार्बर लोकलनं थेट सीएसएमटीला उतरलं की सेंट जॉर्जजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. पण तिथल्या प्रत्येक फेरीला त्याचा रोज बुडतो. तिशीतल्या माणसाची धडधाकट मुळांची दाढ मी उपटते.

दोष दुसऱ्या कुणावर ढकलू नकोस. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या दाढांची नस उघडी केली. तीत खाणं अडकलं, तरी नस जगली आणि तिच्यावर नवं डेंटिन चढलं. साध्या उंदरांची नस मेली. फरक फक्त जंतूंचा होता.

बाळाचे दात यायच्या सुमारास तू आईच्या उष्ट्या चमच्यातून त्याच्या तोंडात जातोस, तेही मला ठाऊक आहे. आणि एकदा नळ्यांत खोल रुतलात की जंतुनाशक हायपोक्लोराइटसुद्धा तुम्हा सगळ्यांपर्यंत पोचत नाही, हेही. म्हणून तुला दारातच गाठायचं. इनॅमलवर पांढुरका डाग आहे, खड्डा पडलेला नाही, तोवर फ्लोराइड लावून आणि साखरेच्या वेळा कमी करून दात सावरता येतो, ड्रिल लागत नाही.

बाजारातली रात्रपाळी सकाळी सुटते. माझा दवाखाना आजवर दहाला उघडायचा. सोमवारपासून तो सातला उघडेल. घरी जाता जाता दात दाखवायचे, रोज बुडणार नाही. तपासणीचे पैसे घेणार नाही.

सानपाड्यातली एक दंतवैद्य