पारावर बसून बीपीच्या गोळ्या बंद करणाऱ्या भाऊंना

प्रति,
पारावरचे सल्लागार भाऊ,
सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलडाणा



पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या सांगण्यावरून गावातली म्हातारी माणसं बीपीची गोळी बंद करतात. पुढं त्यांच्यातल्या एखाद्याला लकवा मारला, की लोक नशिबाला बोल लावतात, डॉक्टरला लावतात, गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईला लावतात. तुम्हाला जाब कुणीच विचारत नाही. तो मी विचारते आहे.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. मेहकरला जाणाऱ्या एसटीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, सोयाबीन सोंगताना धुऱ्यावर, सगळीकडे तुम्ही भेटता. वाक्यं तीच असतात. ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही.’ ‘काही दुखत नाही तर गोळी कशाला?’ ‘वय झालं, आता बीपी राहणारच.’ ‘गोळ्यांनी किडनी जाते.’ चार वाक्यं, आणि आशाताईची कित्येक महिन्यांची मेहनत मातीत.

ती मेहनत काय असते, ते तुम्ही कधी पाहिलं का? तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा अर्ज ती भरते. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, आईबापाला बीपी-शुगर होती का, हे सगळं विचारते. अर्जात चारपेक्षा जास्त गुण झाले, तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवते. या अर्जाचा तिचा मोबदला ठरलाय माणशी १० रुपये. बीपी-शुगरच्या एका रुग्णाच्या मागं सहा महिने राहिलं, तर ५०. तिला पगार नाही, थोडं मानधन आणि कामाप्रमाणे पैसे. ते वाढवून मिळावेत म्हणून महाराष्ट्रातल्या आशाताईंना २०२३ आणि २०२४ मध्ये संपावर जावं लागलं. त्याआधी मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा सन्मान केला होता. तुमच्या पारावर मात्र तिला ‘ती काय डॉक्टर आहे का?’ एवढंच ऐकायला मिळतं.

ती डॉक्टर नाही, आणि तसं ती म्हणतही नाही. ती म्हणते, ‘आजी, उपकेंद्रात चला, बीपी मोजून घेऊ.’ तिथं आजीला पाच मिनिटं शांत बसवतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. दोनदा मोजतात. आकडा पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याच्या वर आला, तर डॉक्टर गोळी सुरू करतात. पुढचं अवघड काम पुन्हा आशाताईकडंच येतं. ती घरी जाते, पाकिटात गोळ्या किती उरल्या ते पाहते, आणि का उरल्या ते विचारते. तेव्हा आजी पदराआडून तुमचं वाक्य सांगते.

आता तुमची वाक्यं एकेक करून घेऊ.

‘काही दुखत नाही.’ बीपी दुखत नाही, हाच तर त्याचा धोका आहे. ठिबकच्या नळीत दाब वाढत गेला, तरी ती फुटेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीचंही तसंच होतं. गोळी घेऊन आकडा खाली येतो, तेव्हा आजार गेलेला नसतो, गोळी काम करत असते. तुम्ही नेमकं त्याच वेळी म्हणता, ‘आता नॉर्मल आहे, सोडून दे.’

‘वय झालं, बीपी राहणारच.’ २००८ साली ऐंशी वर्षांवरच्या ३,८४५ माणसांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांना बीपीची खरी औषधं दिली, त्यांच्यात खोट्या गोळ्या दिलेल्यांपेक्षा लकव्यानं होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी कमी होते आणि सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू २१ टक्क्यांनी. ही ऐंशीच्या पुढची माणसं होती. आपल्या गावची सत्तर वर्षांची आजी त्यांच्यापुढं तरुण आहे. तिचं आयुष्य संपत आलंय हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

‘किडनी जाते.’ किडनी खराब करणाऱ्या मोठ्या कारणांमध्ये वाढलेला बीपीच आहे. ज्या गोळीबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही, ती आहे गुडघ्याच्या दुखण्याची. मेडिकलमधून डॉक्टरला न विचारता आणलेल्या त्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या, तर बीपीही वाढतो आणि किडनीलाही इजा होते. ती तुम्ही स्वतः शेजाऱ्याला काढून देता. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यांतलं मीठही त्यातच मोजायचं. तुम्ही सांगता, ‘सैंधव खा, त्यानं बीपी वाढत नाही.’ सैंधव हेही मीठच आहे, आणि बीपी त्यानंही वाढतो.

लकव्यानं किती जीव जातात, ते विदर्भातच मोजून झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन शोधली. २०१५ साली त्याचे आकडे छापून आले. सगळ्यात जास्त मृत्यू लकव्यानं झाले होते. शंभरातले चौदा. बहुतेकांचा जीव घरातच गेला होता.

यावरचा उपाय माहीत नाही, असंही नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांपैकी निम्म्यांमध्ये गावातल्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बीपी मोजला, औषधाची आठवण दिली, गरज पडली तेव्हा डॉक्टरकडं पाठवलं. दोन वर्षांनी त्या वस्त्यांमधल्या लोकांचा वरचा बीपी इतर वस्त्यांपेक्षा सुमारे पाच अंकांनी जास्त उतरला होता. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्यांदा सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे घेतले. ठरलेली मोजकी औषधं, ती घराजवळ मिळावीत, आणि जो रुग्ण आला नाही त्याचा शोध घ्यावा, एवढा साधा त्याचा गाभा. शोध घ्यायला जाते ती आशाताई. तुम्ही त्या रुग्णाला परत फिरवता.

तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मी नाकारणार नाही. काही गोळ्यांनी पायावर सूज येते. काहींना उठताना चक्कर येते, आणि म्हातारपणी पडणं वाईटच. कधी उपकेंद्रात गोळ्या संपलेल्या असतात आणि म्हातारा माणूस उन्हातून रिकाम्या हातानं परत येतो. ही तक्रार खरी आहे, आणि ती मोठ्या आवाजात व्हायला हवी. पण ती करायची जागा ग्रामसभा आहे, आरोग्य केंद्र आहे. सूज आली, तर डॉक्टर गोळी बदलतात. चक्कर आली, तर उभं करून बीपी मोजतात आणि डोस कमी करतात. गोळी बदलायची, कमी करायची की थांबवायची, हे मोजून ठरतं. तुम्ही तर बीपीचा पट्टा हातालाही लावत नाही.

आणि लकवा झाल्यावर तुम्ही काय सांगता? ‘मंत्र टाकून आणा, मालिश करा.’ तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करायचा असतो. लकवा रक्ताच्या गुठळीनं झाला असेल, तर ती विरघळवण्याचं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. सुलतानपूरहून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. उरलेला तुमच्या सल्ल्यात जातो. नंतर त्या माणसाला अंथरुणात कूस बदलून देणारी असते त्याची बायको किंवा सून. तुम्ही भेटायला येता, चहा घेता आणि म्हणता, ‘देवाची मर्जी.’ त्या घरात हे वाक्य पुन्हा म्हणू नका.

माझं मागणं एवढंच आहे. तुम्हीही तीस वर्षांच्या वरचे आहात. तुमचं नाव आशाताईच्या यादीत आहे, आणि तुम्ही दर वेळी ‘नंतर ये’ म्हणून तिला परत पाठवता. पुढच्या खेपेला हात पुढं करा आणि स्वतःचा बीपी मोजून घ्या. लोक तुमचं ऐकतात. आशाताईला दहा वेळा सांगावं लागतं, तुमचं एकदा सांगितलेलं गाव धरून ठेवतं. म्हणून उद्या कुणी विचारलं, ‘भाऊ, गोळी बंद करू का?’, तर त्याला सांगा, ‘डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.’ तेवढं सांगणं होत नसेल, तर या विषयावर तोंड उघडू नका.

आपली,
तुमच्याच गावची एक लेक