दोन महिन्यांच्या आंब्याला अठ्ठेचाळीस महिन्यांचं होस्टिंग

देवगडच्या तात्यांना कर्नाटकचा आंबा पेटी न फोडता ओळखता येतो. वाशी मार्केटात पेटीवर ‘देवगड’ ठसठशीत छापलेलं असो, आत भाताचा पेंढा अगदी कोकणी पद्धतीने भरलेला असो, तात्या नाक जवळ नेतात आणि निकाल देतात. फळ कापायच्या आधी साक्याचा संशय घेणारा हा माणूस. त्याला कोणी गंडवेल, हे मला खरं वाटलं नसतं. मग तात्यांनी वेबसाइट काढायचं ठरवलं.

कारण साधं होतं. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाऊन हातात काय उरतं हे पाहिलं की मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी विकावी, असं कुठल्याही बागायतदाराला वाटतं. शिवाय २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘अस्सल’ असं लिहायला जागा फार लागते आणि पेटीच्या पुठ्ठ्यावर ती पुरत नाही.

वेबसाइट म्हटली की होस्टिंग आलं. तात्यांनी ‘भारतातील दहा सर्वोत्तम होस्टिंग कंपन्या’ अशा याद्या वाचायला घेतल्या. या याद्या लिहिणाऱ्यांची निःस्पृहता वाखाणण्याजोगी आहे. प्रत्येकाचा पहिला क्रमांक वेगळा, आणि प्रत्येक पहिल्या क्रमांकाखाली एक बटण. ते दाबून तुम्ही खरेदी केलीत की बहुतेक यादीकारांना कंपनीकडून कमिशन पोचतं. मार्केटातला दलाल निदान दलाल म्हणून गादीवर बसतो. इथे तो परीक्षक म्हणून बसतो.

याद्या चाळून तात्यांनी तीन नावं काढली. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक. दोन रात्री जागून तिघांची तुलना केली, वहीत रकाने आखले, एकाला दुसऱ्यापेक्षा दोन गुण जास्त दिले. आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स नावाच्या समूहाने २०१० साली ब्लूहोस्ट घेतली, २०१२ साली होस्टगेटर घेतली आणि पुढे मुंबईच्या डायरेक्टीकडून बिगरॉकही घेतली. २०२१ पासून त्या समूहाचं नाव न्यूफोल्ड डिजिटल. म्हणजे तीन पेट्यांवर तीन ठसे, बागायतदार एकच. यात बेकायदा काही नाही आणि लपवलेलंही नाही. शोधलं की सापडतं. पण वास घेऊन गाव सांगणाऱ्या तात्यांना इथे नाक उपयोगी पडेना.

हे कळल्यावर तात्या रागावले आणि तिघांना सोडून चौथीच कंपनी पकडली. तिचं नाव मी सांगत नाही. तिची जाहिरात होती ‘महिना फक्त ९९ रुपये’. अक्षरं एवढी मोठी की खालची बारीक ओळ वाचायला चष्मा बदलावा लागे. त्या ओळीत लिहिलं होतं की हा भाव अठ्ठेचाळीस महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी. म्हणजे ४,७५२ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ५,६०७ रुपये आणि काही पैसे. नूतनीकरणाचा भाव त्याहून बारीक अक्षरात होता आणि तो ९९ नव्हता.

तात्यांनी चॅटवरच्या मुलाला विचारलं, “माका दोनच म्हयने व्हये. एप्रिल नि मे.”

“सर, मंथली प्लॅन तुम्हाला महाग पडेल.”

“आंबो पावसात लागणा नाय.”

“सर, त्यासाठी आमच्याकडे एसईओ पॅकेज आहे.”

ज्या फळाचा मोसम दोन महिन्यांचा, त्याच्यासाठी चार वर्षांची जागा आगाऊ पैसे मोजून घेतली गेली. उरलेले दहा महिने तिथे ‘बुकिंग लवकरच सुरू’ अशी पाटी लटकते. ती पाटी मात्र अखंड चालते, याची ग्वाही कंपनीने दिली आहे.

ही ग्वाही ९९.९ टक्क्यांची. ऐकायला बोर्डातल्या पहिल्या नंबरासारखी वाटते. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी वचन मोडत नाही, आणि कंपनीने आधी कळवून काढलेली दुरुस्ती सहसा त्यात धरतच नाहीत. हे पावणेनऊ तास आषाढात पडले तर कोणाचंही काही बिघडत नाही. तात्यांचे ते अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पडले. वचन मोडलंच तर भरपाई मिळते. कशाची? बुडालेल्या पेट्यांची नव्हे, होस्टिंगच्या भाड्याच्या काही अंशाची. म्हणजे ९९ रुपयांचा काही अंश, तोही तुम्ही अर्ज केलात तर. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस सर्नच्या प्रयोगशाळेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तेव्हा त्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, एवढाच मजकूर. त्या चिठ्ठीत टक्के नव्हते, म्हणून ती जास्त विश्वासार्ह वाटते.

प्लॅनमध्ये सगळंच अनलिमिटेड होतं. जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड, ईमेल अनलिमिटेड. अटींच्या कितव्या तरी पानावर फायलींची संख्या, प्रोसेसरचा वाटा आणि मेमरी यांच्या मर्यादा आकड्यांत दिल्या होत्या. जेवायला या, हवं तेवढं वाढून घ्या, फक्त ताट आमचं आणि भूक आम्ही मोजणार. तात्यांच्या साइटवर मुळात होतं काय? एक फोन नंबर, भाव, पेटीत किती डझन आणि बागेचे बारा फोटो. एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या संसाराला अमर्याद जागा मिळाली.

साइट तरीही संथच. कंपनीने तत्परतेने सल्ला दिला की आता तुम्ही व्हीपीएस नावाच्या मोठ्या प्लॅनवर या. संथपणाची कारणं दोन होती. पहिलं म्हणजे साइट उभी करून देणाऱ्या तात्यांच्या भाच्याने बागेचे फोटो कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे चढवले होते. एकेका हापूसच्या अंगावरचे ठिपके मोजता यावेत इतके जड. दुसरं जास्त रंजक आहे. साइट घेताना ‘डेटा सेंटर निवडा’ अशी एक खिडकी येते. तिथे जे आधीपासून निवडलेलं होतं ते भाच्याने तसंच ठेवलं, आणि ते अमेरिका होतं. परिणामी डोंबिवलीतल्या काकूंनी ‘भाव पाहा’वर बोट ठेवलं की त्यांची विनंती समुद्राखालच्या केबलमधून अमेरिकेला जाई, तिथे देवगडच्या आंब्याचा भाव विचारी आणि परत येई. तात्यांच्या पेट्या ज्या वाशीत उतरतात तिथून मोजक्या किलोमीटरवर, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात, डेटा सेंटरच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. आंब्याच्या ट्रकला ठाऊक असलेला रस्ता आंब्याच्या भावाला ठाऊक नव्हता.

स्वस्त होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट राहतात. शेजारी कोण, हे विचारण्याची सोय नाही. तात्यांच्या शेजाऱ्याचा धंदा बहुधा केस उगवण्याच्या औषधाचा असावा आणि तो दिवसाकाठी हजारो ईमेल सोडत असावा. कारण तात्यांचं ‘आपली पेटी निघाली’ हे पत्र गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडू लागलं. पत्ता दोघांचा एकच, तेव्हा बदनामीही वाटून घ्यावी लागते. पेटी पोचल्यावर गिऱ्हाइकाला कळायचं की ती निघाली होती.

फुकटचे पर्याय नव्हते असं नाही. गूगल छोट्या दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलसोबत फुकट वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. फुकटवाला जाताना कारण सांगत नाही, आणि विचारायला पावतीही नसते.

एकच प्रश्न तात्यांनी अस्सल बागायतदाराच्या बुद्धीने विचारला, आणि तोच कोणी ऐकला नाही. कोकणात उन्हाळ्यात वणवा लागतो आणि लावलेली कलमं एका दुपारी जातात, त्यामुळे जळणाऱ्या गोष्टींबद्दल तात्या बारकाईने विचार करतात. त्यांनी चॅटवर टाइप केलं, “सर्व्हर जळलो तर?” मुलाने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं एक डेटा सेंटर खरोखर जळून खाक झालं. लाखो साइट बंद पडल्या. बऱ्याच लहान धंदेवाल्यांना त्या दिवशी समजलं की बॅकअप ही वेगळी घेण्याची वस्तू होती. काहींनी ती घेतली होती, पण ती त्याच आवारात ठेवलेली होती. तात्यांनी पुढे विचारलं, “बॅकअप खंय आसा?” उत्तर आलं, “क्लाउडमध्ये, सर.” तात्यांनी वर पाहिलं. चैत्राचं आभाळ, ढगाचा पत्ता नव्हता.

पण हे सगळं सुधारता येतं. फोटो हलके केले, सर्व्हर मुंबईत हलवला, आठवड्याला एक प्रत घरच्या संगणकावर उतरवली, तर ९९ रुपयांचं होस्टिंगही आंब्यापुरतं बरं चालतं. कुठली कंपनी, किती रॅम, किती जीबी यावर चार महिने घासाघीस करणाऱ्या तात्यांनी एक गोष्ट मात्र कधी पाहिलीच नाही. ‘कोणाच्या नावार आसा?’ सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागलेलं पन्नास वर्षांनंतरही शोधून काढणारा हा माणूस, पण डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या खात्यावर आहे हे त्याने विचारलं नाही.

ते भाच्याच्या खात्यावर आहे. ईमेल भाच्याचा, मोबाइल भाच्याचा, आणि भाचा नोकरीनिमित्त हिंजवडीला. डोमेनचं नूतनीकरण फाल्गुनात येतं, म्हणजे बरोब्बर पहिली पेटी निघते तेव्हा. मुदत टळली तर काही दिवस साध्या दरात नाव परत मिळतं, मग सोडवणुकीचा जबर दंड आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं होतं; एखाद्या कर्नाटकवाल्याने उचललं तर तक्रारींची लांबण. म्हणून दर फाल्गुनात दोन पेट्या हिंजवडीला रवाना होतात आणि बदल्यात ओटीपी येतो. यंदा निरोप आला, “मामा, बॉससाठीपण एक पेटी पाठवा ना.” तात्यांनी तीन भरल्या, निवडून. पेट्या पोचल्या, भाच्याने इमानाने ओटीपी लगेच धाडला. तो दहा मिनिटांचा होता. तात्या तेव्हा बागेत फवारणीवर होते आणि तिथे रेंज नाही. आता नवा ओटीपी मागवायचा आहे, आणि भाचा विचारतोय की मामा, पायरी सुरू झाली का.