पाच मिन्टं

अपडाऊन करणाऱ्या माणसाला खोली दाखवणारा घरमालक तुम्हालाही कधी ना कधी भेटला असेलच. आमचे भाऊसाहेब त्यातलेच. माझी नोकरी अकोल्यात, बिऱ्हाड अमरावतीत. अमरावतीचं स्टेशन म्हणजे फाट्याचं शेवटचं टोक, मुंबई-हावडा लाइन जाते बडनेऱ्यावरून. म्हणून वन बीएचके हवा होता तो बडनेऱ्याजवळ. बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत वरचा माळा दाखवत भाऊसाहेब म्हणाले, "काहून टेन्शन घेता जी? ठेसन पाच मिन्टावर तं आहे."

पहिल्याच सकाळी झपझप चालून पस्तीस मिनिटं लागली. गाडी डोळ्यांदेखत गेली.

"तुम्ही पायी गेले असान," भाऊसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑटो केला. तो भरायलाच वीस मिनिटं.

"भरल्यावर किती लागले?"

"बारा."

"मंग? पाचाच्या आसपासच झालं ना जी."

राजापेठ पाच मिनिटांवर, अंबादेवी पाच मिनिटांवर, दवाखानाही तिथंच. नळ एक दिवसाआड यायचा, पण विचारलं की 'पाच मिन्टात येते'. मे महिन्यात रात्री दहाला लाइट गेली, कूलर बंद, भिंतींना हात लावला तर चटका. भाऊसाहेब खालून ओरडले, "पाच मिन्टं!" दोन वाजता पंखा फिरला. प्लंबर तर दिवाळीपासून पाच मिनिटांत येतोय. एक तारखेला मात्र सकाळी सातला भाऊसाहेब जिन्यात उभे. भाड्याला पाच मिनिटं चालत नसत.

एकदा मी पुराव्यानिशी भांडलो. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनेस बुकात गेलं. "त्या विक्रमी वेगानंसुद्धा पाच मिनिटांत साठेक मीटरच होतात, भाऊसाहेब. तुमच्या पाच मिनिटांत तीन किलोमीटर बसतात कसे?"

"ते सरकारी काम होतं ना जी."

खोली सोडायचं ठरवत होतो, त्याच आठवड्यात आई नाशिकहून निघाली. गाडी रात्री अडीचची. ऑटो मिळेना. भाऊसाहेबांनी बनियनवर शर्ट चढवला आणि लुना काढली. ती बापडी पाच मिनिटांत सुरूच झाली नाही. पोहोचलो तर गाडी दीड तास लेट. मी म्हटलं, तुम्ही जा. ते बाकावर टेकले, खिशातून शेंगदाणे काढले. "येते. पाच मिन्टं."

लाउडस्पीकरवर मूर्तिजापूरचं नाव आलं आणि त्यांचा हात शेंगदाण्यांवरच थांबला.

"मामाचं गाव अचलपूर," ते म्हणाले. "मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेत बसायचो. आता बंदच पडली ते. पोट्टे खाली उतरून बोरं तोडत आन् पळत जाऊन पुन्हा डब्यात चढत. मी रडकुंडीले येऊन बाबाले विचारो, किती राह्यलं? बाबा म्हणे, आलंच रे, पाच मिन्टं."

"मग?"

"मंग काय जी, दुपारी बसलो तं दिवेलागणीले पोहोचलो."