फ्रीजरमधलं बेअरिंग

रविवारी सकाळी सांगलीजवळच्या माधवनगरच्या कुठल्याही गल्लीत शिरावं. एखाद्या पोर्चमध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, त्यावर स्वयंपाकघरातून आलेली परात, परातीत डिझेल, डिझेलमध्ये क्लच प्लेटा, आणि पाटावर बसलेला एक गृहस्थ जुन्या टूथब्रशने काहीतरी घासत असतो. हा आरएक्सवाला. त्याची यामाहा आरएक्स १०० मागे स्टँडवर उभी असते, म्हणजे तिची चेसिस उभी असते. टाकी रंगाला गेलेली, सायलेन्सर क्रोमला गेलेला आणि सिलिंडर कुपवाडच्या एमआयडीसीत बोअरला गेलेला. एवढा खटाटोप कशासाठी असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "चालवायची मजा आरएक्समध्येच. आत्ताच्या गाड्या म्हणजे खेळणी." मग ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास, हा पाढा. आकडे खरे आहेत, उत्तर मात्र खोटं आहे. माझं म्हणणं असं की या माणसाला गाडी चालवायचीच नसते. त्याला ती उघडायची असते, आणि ती पुन्हा जोडली जाऊन नीट चालायला लागणं ही त्याच्या दृष्टीने आपत्ती असते.

त्याच्या गाडीचं मीटर बघा. वर्षभरात ती तासगावला जाऊन परत येईल एवढीसुद्धा पळालेली नसते. भाजी, बँक, पोरांची शाळा, सांगलीतली लग्नकार्यं, सगळं बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरवर उरकतं. इतकंच काय, आरएक्सचा पार्ट आणायलाही तो स्कूटरवरूनच जातो आणि डिकीत घालून आणतो. चुकून गाडी पूर्ण झालीच, पहिल्या किकला सुरू झाली, तर घरातले सुटकेचा श्वास सोडतात. हा मात्र त्याच संध्याकाळी कान टवकारून बसतो. "आवाज येतोय." कसला? "पिस्टन असेल, नाहीतर स्मॉल एंड." दुसऱ्या कुणाला काही ऐकू येत नाही, आणि पुढच्या रविवारी हेड खोललेलं असतं. शास्त्रात तो चुकत नाही हे मान्य करायला हवं. क्रँकचं बेअरिंग ठोकून बसवू नये. ॲल्युमिनियमचं केसिंग तापवलं की भोक मोठं होतं, बेअरिंग गारठवलं की आकसतं, आणि मग ते हातानेच अलगद आत बसतं. त्याप्रमाणे केसिंग तव्यावर जातं आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीशेजारी. गार व्हायला एक रात्र पुरते. पण तोवर ऑइल सील मिळत नाही, सील मिळालं तर क्रँक जुळवून आलेला नसतो, आणि बेअरिंग तिथेच राहतं. "अहो, ते लोखंडी कडं काढा की, आइस्क्रीम ठेवायला जागा नाही." "राहू दे गं, परवाच लागणार आहे." हा परवा गणपतीत सांगितलेला असतो आणि बेअरिंग संक्रांतीला निघतं.

कोणी म्हणेल, हा आठवणींचा खेळ आहे; कॉलेजात परवडली नाही ती गाडी आता घेतली, एवढंच. पन्नाशीच्या गृहस्थाबद्दल हे थोडंफार खरंही असेल. पण एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५ च्या नोव्हेंबरात आणली आणि १९९६ च्या मार्चमध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज परातीपुढे बसणारी कितीतरी पोरं त्यानंतर जन्मलेली आहेत. जी गाडी त्यांनी शोरूममध्ये कधी पाहिलीच नाही, तिची आठवण त्यांना कुठून येणार? दुसऱ्यांचं म्हणणं, ही गुंतवणूक आहे. चांगल्या आरएक्सला लाखाच्या पुढे भाव बोलतात. पण गुंतवणूक करणारा कधीतरी विकतो. हा नुसता विकायला काढतो. गिऱ्हाईक आलं की चहा पाजतो, तासभर माहिती देतो, नाक मुरडलं जाईल असा भाव सांगतो, आणि समोरचा त्या भावालाही हो म्हणाला की दचकून म्हणतो, "कार्बोरेटरचं थोडं काम राहिलंय, झालं की फोन करतो." भावाच्या गप्पांतही त्याचं सगळं लक्ष गाडीच्या कुळावर असतं. सुरुवातीच्या आरएक्स जपानहून सुट्या भागांत आल्या आणि इथे जुळवल्या गेल्या. त्यांना मान जास्त, म्हणून ज्याची त्याची गाडी 'जपान लॉट'ची. एकट्या सांगली जिल्ह्यातले दावे खरे धरले, तर त्या गाड्या आणणारं जहाज बंदरातच बुडायला हवं होतं.

मग एवढी उघडायची हौस आहे तर नवी गाडी का उघडत नाही? कारण ती उघडून काही हाती लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा ईसीयू नावाचा बंद डबा आला. तिथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलं तर पिळायला काही सापडत नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा स्कॅनर जोडतो आणि सांगतो, "काका, सेन्सर बदलावा लागेल." काका पैसे देतात आणि घरी येतात. आरएक्सचं इंजिन मात्र टू-स्ट्रोक; त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. एवढं यंत्र साध्या माणसाला पूर्ण समजू शकतं, आणि पूर्ण समजणाऱ्या गोष्टी त्याच्या आयुष्यात फार उरलेल्या नाहीत. कचेरीतली फाईल कुठल्या टेबलावर अडकली हे त्याला कळत नाही, पोराच्या मोबाइलमध्ये काय चाललंय हेही कळत नाही. पण प्लग काढून टोकाचा रंग बघितला की इंजिनाच्या पोटातलं कळतं. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण जमलं. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जादा. पांढरा पडला असेल तर हवा जादा, म्हणजे पिस्टन चिकटायच्या वाटेवर. मग एअर स्क्रू पूर्ण आवळायचा, दीडेक फेरा उलटा सोडायचा, आणि तिथून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आवाज ऐकत. त्या वेळी त्याचा चेहरा बघावा. इतरत्र कुठेही त्याच्या पाव फेऱ्याने काही हलत नाही, इथे हलतं.

हिशेबाचंही एक सुख आहे. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८ सीसी. नावातले १०० थोडे फुगवलेलेच. सिलिंडर झिजला की तो बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात, पुढच्या खेपेला अर्धा. बोअर ५०.५ झाला की हिशेब १०० सीसीच्या किंचित वर जातो. कंपनीने नावात दिलेला शब्द अखेर कुपवाडच्या बोअरिंग मशीनवर पाळला गेला, असं तो अभिमानाने सांगतो. सिलिंडर दोनदा झिजला याचं त्याला काहीच वाटत नाही.

हे वेड या पट्ट्यात एवढं का रुजलं, याचा विचार करायला लागलो की जपानातल्या हामामात्सूपर्यंत जावं लागतं. १८८७ साली तिथल्या एका शाळेचा ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने तो उघडून दुरुस्त केला आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला लागला. त्या वाद्यांच्या कंपनीतून १९५५ साली यामाहा मोटर निघाली. बोधचिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क आहेत ते त्यामुळेच. तिची पहिली मोटरसायकल जर्मन डीकेडब्ल्यूवरून बेतलेली होती, म्हणजे तिथेही आधी कोणीतरी परातीपुढे बसलं असणार. त्याच गावात १९०९ साली मिचिओ सुझुकीने मागांचा कारखाना काढला आणि १९५२ साली ती कंपनी इंजिन लावलेल्या सायकलीवर आली. होंडाची सुरुवातही तिथलीच. आता इकडे बघा: माधवनगरात यंत्रमाग, मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर, किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना, कुपवाडला लेथ. हामामात्सूचं सगळं सामान पंचवीस-तीस मैलांत हजर! मोटरसायकल तेवढी झाली नाही. का झाली नाही याला भांडवल, परवाने, बाजार अशी मोठी कारणं आहेत आणि ती इथे मावणार नाहीत. पण हात आणि कान तयार होते. खटाखट चालणाऱ्या मागांच्या रांगेत नेमका कुठला धोटा अडखळतोय हे जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो. माग कमी झाले म्हणून कान कमी होत नाहीत. त्यांना ऐकायला काहीतरी लागतं, आणि मिळाली ती आरएक्स.

धुराचा आक्षेप मात्र उडवून लावता येणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलायचं काम ताजं मिश्रणच करतं, त्यामुळे पेट्रोलचा बराच भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो, शिवाय ऑइल जळतं ते वेगळं. १९९६ साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्सचा बाजार उठला. ते योग्यच झालं. सायलेन्सरची जाळी काढून रात्री वस्ती जागवणारे वीर याच जमातीचे म्हणून ओळखले जातात, पण ते चालवणारे आहेत. त्यांचे सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली घातले तर हळहळायचं कारण नाही. उघडणाऱ्याच्या गाडीने धूर काढायचा तर आधी ती जोडलेली असायला हवी.

कायद्यालाही हे कळलेलं दिसतं. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेजचे नियम केले: नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल-दुरुस्ती, असल्या कामांपुरतीच बाहेर काढायची. माधवनगरच्या आरएक्सवाल्याचं आयुष्य दिल्लीत बसून कोणी इतकं नेमकं टिपलं, कळायला मार्ग नाही. अर्थात पहिली आरएक्स पन्नाशीला पोहोचणार २०३५ मध्ये. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी: १५ वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओच्या खेपा, वर पर्यावरण कर.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात किंवा अडगळीत आजोबांची, काकांची आरएक्स गंजत पडली असेल, त्यांनी ती किलोवर भंगारात घालू नये. आरसी बुक शोधावं, त्यावरचा चेसिस नंबर गाडीशी जुळतोय का ते बघावं आणि माधवनगरला निरोप धाडावा. माणूस त्याच दिवशी छोटा हत्ती घेऊन हजर होईल, भाड्यावरूनही घासाघीस करणार नाही. गाडी तयार कधी होईल, एवढं मात्र त्याला विचारू नये.