सव्हानाच्या भानगडी

"वहिनी, आलात का? दारात तो तुमचा अवाढव्य डबा दिसेना, म्हटलं पोचले वाटतं फ्लोरिडात."

"कसलं फ्लोरिडा! सव्हानाला एक रात्र टेकू म्हणून थांबलो, ते तिथंच रुतलो. थांब, ही कढीपत्त्याची कुंडी जरा बाजूला घेते, तू दिसत नाहीस कुंपणापलीकडून. हां, बोल आता. तुझा कुकर नाही ना गॅसवर?"

"बंद करून आले. पण अटलांटाहून सव्हाना जेमतेम चार तास, तेवढ्यासाठी आरव्ही?"

"हेच मी म्हणत होते! पण निवृत्त झाल्यापासून ह्यांना घर चाकांवर हवंय. बरं, ते घर गावात नेता येत नाही. जुन्या वस्तीत जरा पुढे गेलं की चौक, चौकात बाग, बागेला वळसा. वरून ओकच्या फांद्या एवढ्या खाली आलेल्या की आमचा छपरावरचा एसी गेलाच असता. म्हणून स्किडअवे बेटावरच्या स्टेट पार्कात गाडी लावली आणि मागे बांधून नेलेल्या छोट्या मोटारीतून गावात हिंडलो. लावली म्हणजे काय, सोहळाच. चाकांखाली फळ्या सरकव, गाडी समतल झाली का बघ, विजेची वायर जोड, पाण्याचा पाइप जोड, सांडपाण्याचा निराळा. मी आपली खुर्ची टाकून बसले, तर चिलटं! डोळ्यांना दिसायची नाहीत, पण चावली की खाजवत बसा. तिथल्या बेसबॉलच्या टीमला एके काळी ह्याच किड्याचं नाव होतं म्हणे. चिलटांचंही कौतुक करणारं गाव मला तिथंच आवडलं."

"आणि भुतं? सव्हाना म्हटलं की लोक भुतांचंच सांगतात."

"तो धंदा आहे गं. प्रेतं न्यायची काळी गाडी असते ना, तिचं छप्पर कापून तीत माणसं बसवतात आणि रात्री फिरवतात. हे निघाले होते तिकीट काढायला. म्हटलं, जिवंतपणी त्या गाडीत बसायला मी पैसे मोजणार नाही. खऱ्या भानगडी दिवसाढवळ्या ऐकायला मिळतात की! त्या गॉर्डन घराण्याचंच घे."

"कोण गॉर्डन?"

"राइट स्क्वेअर म्हणून चौक आहे. १७३३ मध्ये ऑगलथॉर्प इंग्लंडहून माणसं घेऊन आला, तेव्हा तिथल्या यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचीची ह्यानं त्यांना जागा दिली, सांभाळून घेतलं. १७३९ मध्ये तो वारला तेव्हा मोठ्या मानानं त्याला ह्या चौकात पुरलं. पुढे रेल्वे कंपनीचा पहिला अध्यक्ष गॉर्डन, त्याचं स्मारक बांधायचं ठरलं. १८८३ ची गोष्ट. जागा कुठली निवडली असेल?"

"अगं बाई! त्याच्या समाधीवर?"

"तिथंच. मग गॉर्डनच्या सुनेलाच ते खटकलं. तिनं गावातल्या बायका हाताशी धरल्या आणि १८९९ मध्ये त्याच चौकात टोमोचीचीच्या नावाची मोठी शिळा बसवली. सासरा मधोमध, आणि ज्यानं जागा दिली तो बाजूला. तरी तिनं तेवढं केलं म्हणून, नाहीतर घरातलं कोण बोलतंय!"

"निस्तरायला सुनाच."

"आणि तिची लेक माहीत आहे का कोण? ज्यूलिएट गॉर्डन लो. तुझी मुलगी बिस्किटांचे पुडे विकत दारोदार फिरते ना, ते गर्ल स्काउट्स हिनं काढलं. १८८६ मध्ये सव्हानातच लग्न झालं. एक कान आधीच उपचारांत बिघडलेला. लग्न लागल्यावर वऱ्हाड्यांनी तांदूळ उधळले आणि एक दाणा नेमका चांगल्या कानात शिरला. तोही कान गेला."

"अक्षतेनं? काहीतरीच!"

"खरंच गं. बरं, नवरा तरी धड असावा! कापसाच्या बड्या व्यापाऱ्याचा मुलगा, पैशाला तोटा नाही, पण दुसरीच्या नादी लागला. घटस्फोटाचं चालू असतानाच १९०५ मध्ये वारला आणि बहुतेक इस्टेट त्या बाईच्या नावे करून गेला. ही गप्प बसली नाही, भांडून आपला वाटा काढला. मग १९१२ मध्ये सव्हानाला येऊन १८ मुली जमवल्या आणि काम सुरू केलं. आपल्याकडे अशीला कुणी देवदेव करायला बसवलं असतं. मी तिच्या घरासमोरून हलेना, आणि ह्यांचं आपलं चल, आइस्क्रीमची रांग वाढतेय."

"हा पैसा सगळा कापसाचा?"

"गावच कापसाचं! नदीकाठी अजून ती गोदामं आहेत, मधे लोखंडी पूल. त्या पुलांवर उभे राहून दलाल खालून जाणाऱ्या गाठींचे भाव करायचे. आणि ह्यात आपली मुंबई कशी येते ते ऐक. यादवी युद्ध पेटलं तशी उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. सव्हानाच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला एप्रिल १८६२ मध्ये नव्या तोफांपुढे ३० तासांत पडला. लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांना आठवला आपला कापूस! मुंबईत पैशाचा पूर आला, जो तो शेअर घेत सुटला. प्रेमचंद रायचंद त्या सट्ट्याचे राजे. १८६५ मध्ये इकडे युद्ध संपलं आणि तिकडे बाजार गडगडला. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीचा. ह्यांचं सगळं कॉलेज त्या घड्याळाखाली गेलं, पण हा धागा कळायला सव्हाना गाठावं लागलं."

"आणि कापूस वेचणारे?"

"तेच तर. आम्ही घोडागाडीतून फेरी मारली, त्यात चकार शब्द नाही. १८५९ मध्ये गावाबाहेर शर्यतीच्या मैदानावर ४०० हून जास्त गुलामांचा लिलाव झाला, दोन दिवस. मालक पीअर्स बटलर जुगारात आणि सट्ट्यात बुडालेला, त्याची देणी फेडायला. माणसांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. लेकरं, म्हातारे, सगळे. आम्ही विचारत विचारत गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक पाटी. काळी गाडी तिथं येताना काही मी पाहिली नाही."

"..."

"आता थोडं बदलतंय म्हणा. गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या कॅल्हूनच्या नावाचा चौक होता, त्याला सुझी किंग टेलरचं नाव द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. गुलामीत जन्मलेली, लपूनछपून शिकलेली, आणि चौदाव्या वर्षी दुसऱ्यांना शिकवायला लागलेली. गावातून बराच विरोध झाला म्हणे. होणारच."

"समुद्रावर गेलात की नाही?"

"टायबीला गेलो. तिथली तर आणखीच तऱ्हा. १९५८ मध्ये हवाई दलाचं बाँबफेकी विमान सरावात दुसऱ्या विमानाला धडकलं. सुखरूप उतरता यावं म्हणून वैमानिकानं हायड्रोजन बाँब टायबीजवळच्या पाण्यात टाकून दिला. अजून सापडलेला नाही."

"अजून तिथंच आहे?"

"असेल चिखलात कुठंतरी. हवाई दल म्हणतं, त्यात अणुस्फोटाचा गाभा बसवलेलाच नव्हता. तरी हे चड्डी चढवून पाण्याकडे निघाले तेव्हा मी ओरडून सांगितलं, पोहा, डुंबा, काय वाटेल ते करा, पण पायाला काही कडक लागलं तर उचलून बघू नका."

"ऐकलं त्यांनी?"

"छे! पिशवीभर शिंपले घेऊन आले."