स्पष्टीकरण असं द्या की काहीच स्पष्ट होऊ नये

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नुकतेच रुजू झाला असाल आणि सी भाषेतली एखादी जुनाट फाइल गळ्यात पडली असेल, तर अभिनंदन. टिकेटवर बहुधा एवढंच लिहिलेलं असेल : 'कन्व्हर्जन स्टेटच्या कॉमेंट जरा क्लिअर करा.' काम सोपं वाटतं. कोडला हात लावायचा नाही, बिल्ड तुटण्याची भीती नाही. पण राजेहो, नवखा माणूस इथंच फसतो. तो खरंच क्लिअर करायला बसतो. कॉमेंट वाचून कुणालाही कोड कळायला लागला, तर तुम्हाला पगार कशाचा द्यायचा?

आधी विषय समजून घ्या. समजलेलं कॉमेंटमध्ये उतरवायचं नाही, ही अट.

'नागपूर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात ती सहा चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एकट्या 'न'चे बाइट ई०, ए४, ए८. आता तुमचा प्रोग्राम फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचतो. मधे एकही स्पेस नसलेला सलग देवनागरी मजकूर असेल, तर पहिल्या तुकड्यात १३६५ चिन्हं पूर्ण बसतात आणि एक बाइट उरतो. उरलेला तो ई० म्हणजे पुढच्या चिन्हाचा पहिला तृतीयांश. तो कुठंतरी लक्षात ठेवावा लागतो. त्यासाठी 'एमबीस्टेट' नावाची एक छोटी डबी असते आणि ती हाताळणारं फंक्शन म्हणजे एमबीआरटूडब्ल्यूसी. दोन्ही गोष्टी १९९५च्या दुरुस्तीने सी भाषेत आल्या. त्याआधीचं १९८९चं फंक्शन आपली अवस्था स्वतःच्या पोटातच ठेवायचं आणि पोटात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. कॉमेंट लिहिणाऱ्यांनी हाच आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा.

१. डबी शून्याने भरण्याची एक ओळ कोडमध्ये असेल. वर लिहा : 'स्टेट शून्य केली.' हे खरं आहे, थोडक्यात आहे आणि वाचणाऱ्याला समोर दिसतंच आहे. का शून्य केली, हे लिहू नका. सगळं शून्य म्हणजे 'सुरुवातीची अवस्था' अशी हमी मानकाने दिली आहे, म्हणून ही ओळ चालते. पण तेवढं कळलं की माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो : मग ही ओळ लूपच्या बाहेर हवी की आत? आत असेल तर प्रत्येक फेरीला अर्धवट अक्षर विसरलं जातं. हा प्रश्न कुणाला पडू देऊ नका. ओळ आतच राहू द्या.

२. डबी द्यायचा कंटाळा आला तर तिच्या जागी नल द्या आणि कॉमेंट टाका : 'डिफॉल्ट.' नल दिलं की फंक्शन स्वतःची गुप्त डबी वापरतं. एकच थ्रेड आणि एकच फाइल असेल तोवर कुणाला पत्ता लागत नाही. दोन थ्रेड एकाच डबीत हात घालू लागले की एका गिऱ्हाइकाच्या नावातलं अर्धं अक्षर दुसऱ्याच्या पत्त्यात जाऊन बसतं. तोवर तुमची बदली पुण्याला झालेली असेल.

३. आता मुख्य विद्या : उणे दोन. फंक्शनने उणे दोन परत दिलं, म्हणजे त्याचं म्हणणं असं : 'दिलेले बाइट मी गिळले, ठीक आहेत, पण अक्षर पूर्ण झालं नाही. पुढचे आण.' इथं बहुतेक कोडमध्ये एक कॉमेंट असतेच : 'स्पेशल केस.' तिला हात लावू नका. ही कॉमेंट पुष्कळ रिव्ह्यूंतून सहीसलामत सुटलेली असते.

या जागेत दोन सापळे आहेत. ते जपा. पहिला असा की फंक्शनने ते बाइट आधीच डबीत घातलेले असतात. सावध स्वभावाचा मागचा प्रोग्रामर तेच बाइट बफरच्या सुरुवातीला सरकवतो आणि नव्या तुकड्याबरोबर पुन्हा देतो. डबीत एक ई०, समोरून दुसरा ई०, फंक्शन म्हणतं हे अक्षरच नाही, आणि उणे एक देऊन मोकळं होतं. बाइट पुन्हा द्यायचे तर डबी आधी शून्य करावी. डबी ठेवायची तर बाइट पुन्हा देऊ नयेत. दोन्हींपैकी आपण काय केलं, हे एका ओळीत लिहिता येतं. म्हणूनच लिहायचं नाही.

दुसरा सापळा आणखी सुंदर आहे. पुढच्या तुकड्यातले ए४ आणि ए८ दिले की 'न' पूर्ण होतो आणि फंक्शन उत्तर देतं : दोन. तीन नव्हे, दोन, कारण या खेपेला त्याने दोनच बाइट खाल्ले. बफरमधला पॉइंटर पुढे न्यायला हाच आकडा बरोबर आहे. तुमचा शेजारी मात्र खुर्ची सरकवून म्हणेल, "काऊन बे, देवनागरीचं अक्षर दोन बाइटचं कसं काय?" आणि परस्पर त्या जागी तीन लिहून टाकेल. त्याला अडवू नका. 'येथे तीन करू नये' अशी कॉमेंट असती तर तो थांबला असता. तशी कॉमेंट नाही, आणि ती नाही याचं श्रेय तुमचं.

४. चुका तपासण्याचा देखावा हवा. लिहा : 'उत्तर शून्यापेक्षा कमी असेल तर एरर.' ही अट कधीच खरी होत नाही, कारण उत्तराच्या टाइपला ऋण संख्या माहीतच नाही. चौसष्ट बिटांच्या मशिनवर उणे दोन म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१४. हा आकडा पॉइंटरमध्ये मिळवला की प्रोग्राम कुठं पडेल ते पडेल. वर कॉमेंट ठेवा : 'एरर हँडलिंग.' ऑडिटवाल्यांना शब्द दिसला की पुरतो.

५. उणे एक आलं की डबीत काय उरलं आहे याची हमी मानक देत नाही. तिला पुन्हा शून्य केल्याशिवाय वापरू नये. कॉमेंट : 'कंटिन्यू.'

६. डबीच्या आत काय आहे ते मात्र सविस्तर लिहा. हे काम विद्वत्तेचं दिसतं. लिनक्सवर ग्लिबसीमध्ये ती आठ बाइटांची आहे, मॅकवर १२८ बाइटांची. एका ठिकाणच्या आतल्या फील्डांवर अर्धं पान खर्ची घाला. दुसऱ्या मशिनवर ते पान तंतोतंत खोटं ठरेल. डबी उघडायची नसते, हे सांगण्यात अर्धं पान भरत नाही, हा त्यातला दोष.

७. टेस्ट इंग्रजीतच लिहा. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर एक बाइटचं, त्यामुळे तुकड्याच्या कडेवर काहीच तुटत नाही. डबी सदैव रिकामी आणि वरच्या साऱ्या चुका हिरव्या टिकमार्कसह पास. टेस्टमध्ये 'नागपूर' घातलंच तर बफर भला मोठा ठेवा. तीन बाइटांचा बफर घेऊन अठरा बाइट सरकवले तरी सगळं सुरळीत चालतं, कारण अठराला तीनने पूर्ण भाग जातो. मधे एक स्पेस टाकली की मात्र बोंब होते. म्हणून 'वर्धा रोड'सारखी नावं टेस्टमध्ये घेऊ नयेत.

८. डेटा जुना असेल तर तुमची चांदीच आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा काळ आठवा. इस्की नावाची संहिता, १९९१चं भारतीय मानक १३१९४. त्यात बी३ या बाइटचा अर्थ देवनागरीत 'क'. मधेच ईएफ हा बाइट आला आणि त्यापुढच्या बाइटने बंगाली लिपी सांगितली, की तोच बी३ बंगाली 'क' होतो. इथं अवस्था म्हणजे नुसतं अर्धं अक्षर नव्हे. आपण सध्या कोणत्या लिपीत आहोत, हेच ती ठरवते. यूटीएफ-८ मध्ये असं काही लागत नाही. हा फरक एका वाक्यात मावतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच कॉमेंट कॉपी-पेस्ट करा : 'स्टेट मेंटेन करतो.'

९. मोडीचा विषय निघाला तर जेवायला जा. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, पण पासष्ट हजारांच्या पलीकडच्या जागेत. तिचं चिन्ह सोळा बिटांत मावत नाही, दोन तुकडे करावे लागतात. सी भाषेने २०११मध्ये सोळा बिटांसाठी वेगळं फंक्शन आणलं, आणि ते दुसरा तुकडा देताना उणे तीन असं उत्तर देतं : 'नवा बाइट एकही खाल्ला नाही, मागचंच उरलेलं देतोय.' आपल्याच पूर्वजांच्या कागदपत्रांसाठी उणे तीन तपासणारा कोड किती जणांनी लिहिला असेल, हे विचारून रिव्ह्यूची मीटिंग लांबवू नका.

१०. शेवटी भाषेचा प्रश्न. मराठी अक्षरं तुटू नयेत म्हणून लिहिलेल्या कोडवरची कॉमेंट इंग्रजीतच असावी, तीही आपल्याला येते तेवढ्याच इंग्रजीत. कॉमेंट देवनागरीत लिहिली तरी कंपायलरची हरकत नाही. मानक सांगतं की कॉमेंटचा मजकूर फक्त दोन कारणांसाठी बघायचा : त्यातली मल्टिबाइट अक्षरं ओळखायला आणि ती कुठं संपते ते शोधायला. आणखी एक अट आहे, ती सोन्याने मढवून टेबलावर ठेवावी अशी. कॉमेंट सुरुवातीच्या शिफ्ट अवस्थेत सुरू व्हावी आणि त्याच अवस्थेत संपावी. म्हणजे सुरू होताना जी अवस्था, संपतानाही तीच. आपण ही अट वाचणाऱ्यालाही लावली आहे : कॉमेंटआधी तो ज्या अवस्थेत होता, त्याच अवस्थेत नंतरही राहिला पाहिजे.

जपान्यांनी तर कॉमेंटकडून कामही करून घेतलं. शिफ्ट-जिस संहितेत काही अक्षरांचा दुसरा बाइट ५सी असतो, म्हणजे आस्कीतला बॅकस्लॅश. एका ओळीच्या कॉमेंटच्या शेवटी असं अक्षर आलं आणि कंपायलरला ती संहिता माहीत नसली, की तो पुढची ओळ या ओळीला जोडतो आणि कोडची ती ओळ कॉमेंटमध्ये गडप होते. कॉमेंटचा प्रोग्रामवर इतका थेट परिणाम आपल्याकडे अजून कुणी साधलेला नाही.

आता एक इशारा. काही टीममध्ये एखादा असा निघतो जो फंक्शनच्या डोक्यावर पुढचं लिहून ठेवतो : 'ही स्टेट या फाइलची आहे, या फंक्शनची नाही. फाइल उघडताना एकदाच शून्य. उणे दोन आलं तर बाइट डबीत गेलेत, परत देऊ नका. उणे एक आलं तर डबी पुन्हा शून्य करा. फाइल संपली तरी 'डबी रिकामी आहे का' या प्रश्नाला एमबीसिनिट हे फंक्शन नाही म्हणत असेल, तर शेवटचं अक्षर अर्धवट आहे.' पाच वाक्यं. लिहायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. अशा माणसापासून लांब राहा. रिलीजच्या रात्री त्याला कुणी फोन करत नाही, त्याची फाइल कुणीही उघडून दुरुस्त करतं आणि तो सुट्टीवर गेल्याचं ऑफिसला कळतसुद्धा नाही. तुम्हाला मात्र रात्री दोनला फोन येईल. लॅपटॉप उशाशी घेऊन झोपा.