मिसळणाच्या डब्यातलं बूच

आमच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. सहांत मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या आणि धणेपूड गुण्यागोविंदाने नांदतात. सातव्या वाटीत बोटीचं बूच असतं.

अंगठ्याएवढं, पितळी. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी एक भोक असतं, त्याचं. बोट पाण्यात घालताना हे घट्ट बसवायचं आणि बाहेर काढली की उघडून साचलेलं पाणी वाहू द्यायचं. पैकी बसवण्याची सक्ती निसर्गाची, काढण्याची सरकारची. मिनेसोटात बूच न काढता बोट रस्त्यावरून नेणं कायद्याने मना आहे. का, तर एक शिंपला. नखाएवढा, अंगावर झेब्र्यासारखे पट्टे, मूळ गाव कॅस्पियन समुद्राकडचं. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेत आला, १९८८ मध्ये इथल्या महासरोवरांच्या भागात सापडला आणि २०१० मध्ये आमच्या मिनेटोंका तळ्यात. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीत राहिलेल्या तांब्याभर पाण्यातूनसुद्धा ती पुढच्या तळ्यात बिऱ्हाड थाटतात.

मी सोलापूरचा. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात माणूस पाण्याला नमस्कार करायला शिकतो, त्यात बोट घालायला नाही. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवरच ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती भरतात ११,८४२. आकडा कमी करून सांगणारं सरकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि त्या भरात एक जुनी अठरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेऊन बसलो.

पहिल्या दिवशी धक्क्यावर गाडी मागे घेताना कळलं, की स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. मागे सहा बोटींची रांग. इथली माणसं हॉर्न वाजवत नाहीत, नुसती हसून बघतात. त्यापेक्षा पुण्यातला हॉर्न बरा. पाऊण तासाने बोट एकदाची पाण्यात गेली. मी कप्तानासारखा उभा राहिलो.

“अरे, पायाला गार लागतंय,” बायको म्हणाली.

“लाटेचं उडालं असेल.”

“लाट कुठाय?”

लाट नव्हती. बूच माझ्या पँटच्या खिशात होतं. तेव्हापासून ते तिच्या ताब्यात आहे. “मोहरी मी कधी विसरलेय का?” एवढंच ती म्हणाली आणि सातवी वाटी रिकामी केली.

आई आली त्या जुलैत मात्र आम्ही शहाणे झालो होतो. नऊवारीवर केशरी लाइफ जॅकेट घालून ती पुढे बसली. साडेचौदा हजार एकरांचं ते तळं बराच वेळ बघून म्हणाली, “एवढं पाणी आहे की रे इथं! आणि एक बाई हंडा घेऊन दिसेना.” मग तिने पिशवीतून गडू काढला, भरून घेतला आणि वर पदर झाकला. डकोटा लोकांच्या भाषेत ‘मिनी’ म्हणजे पाणी, हे मीच तिला सांगितलं होतं. ज्या राज्याच्या नावातच पाणी, तिथलं तीर्थ नको का न्यायला?

परतताना धक्क्यावर तपासनीस उभा. कॉलेजातला पोरगा, हातात वही. बोट बघितली, बूच बघितलं, मग गडू. तळ्याचं पाणी न्यायला मनाई आहे, म्हणाला.

“तीर्थ आहे म्हणावं,” आई.

मी इंग्रजीत सांगितलं. त्याने टोपी काढून ऐकून घेतलं आणि अदबीने गवताकडे बोट दाखवलं. आईने सूर्याकडे तोंड करून, ओठ हलवत, अर्घ्य द्यावं तसं ते पाणी सोडलं. इतक्या मनोभावे नियम पाळणारं कुटुंब त्याने पाहिलं नसावं. “आपल्याकडं पाणी मिळंना म्हणून भांडणं,” आई गाडीत म्हणाली, “आणि इथं पाणी नेऊ नये म्हणून पहारा!”

लोक विचारतात, बोट वर्षभर वापरता का? वापरतो. पाच महिने पाण्यात, सात महिने बोलण्यात. ऑक्टोबरात इंजिनाच्या खालच्या भागातलं तेल बदलायचं, कारण तिथे पाणी शिरलेलं असलं तर ते गोठून धातूचं कवच फोडतं. बॅटरी तळघरात न्यायची. मग बोट पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळली, की ती नव्या सोफ्यासारखी दिसते: आहे, पण बसायचं नाही. जानेवारीत त्याच तळ्यावरून शेजारी आपला ट्रक चालवत नेतो, बर्फाला भोक पाडून मासे धरतो. बूच न लावता मजा करायची ही एकच रीत मी पाहिली आहे.

परवा उणे पंचवीस होतं. दाराची घंटा वाजली, तर शेजारी मासे घेऊन उभा. बायको हातातला डबा तसाच कलता ठेवून दाराकडे धावली. रात्री आमटी वाढून घेताना माझ्या वाटीत टण्णकन काहीतरी पडलं.

“तळाशी बसलं होतं वाटतं,” ती वाकून बघत म्हणाली. “चला, एकदा तरी वेळेवर जागेवर गेलं.”